परमुलखातील विद्यार्थिदशा

विद्यार्थ्याने घर सोडून परगावी शिकावयास जाणे ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. पैठणचा मुलगा काशीला जाई, कोकणातला घाट चढून पुण्यास येई आणि वार लावून किंवा माधुकरी मागून शास्त्र पढे. शास्त्राबरोबर त्याला आणखी एक गोष्ट कळून येई ती अशी की, आपल्या गावची रीत म्हणजे साऱ्या जगाची रीत नव्हे. पोथीत न लिहिलेला हा धडा त्या प्रवासाचा निम्मा लाभ होता. पुढे विद्यापीठे निघाली, आगगाड्या आल्या, वसतिगृहे झाली, तरी या लाभाचे स्वरूप पालटले नाही. मात्र तो सर्व ठिकाणी सारखाच पदरात पडतो असे नाही. फार मोठ्या विद्यापीठात प्रत्येक प्रांताचे विद्यार्थी आपापला कंपू करून राहू शकतात. पंचवीस मराठी मुले एका ठिकाणी जमली की त्यांना बंगाली अथवा पंजाबी शेजाऱ्याची गरज भासत नाही. लहान विद्यापीठात ही सोय नसते. खोलीत सोबती म्हणून जो येईल त्याच्याशीच तेथे बोलावे लागते, भांडावे लागते आणि शेवटी जुळवूनही घ्यावे लागते. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठाची पहिली वीस वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. मराठी माणसाने तर ती अगत्याने पाहावी, कारण त्यांच्या आरंभीच एक मराठी नाव आहे.

हे विद्यापीठ ८ जानेवारी १९४७ रोजी ‘राजपुताना विद्यापीठ’ या नावाने स्थापन झाले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा सात महिने अवकाश होता आणि राजस्थान नावाचे राज्य नकाशावर अजून उमटावयाचे होते. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. गणेश सखाराम महाजनी. साताऱ्यात जन्मलेले, केंब्रिजमध्ये गणिताचे अध्ययन केलेले आणि ‘रँग्लर महाजनी’ म्हणून महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असलेले हे गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सोडून जयपुरास गेले. १९५३ पर्यंत त्यांनी तेथील धुरा वाहिली. नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढे राजस्थानात परत येऊन उदयपूर विद्यापीठाचेही कुलगुरुपद त्यांनी सांभाळले.

महाजनींच्या हाती आलेले काम साधे नव्हते. जयपूरचे महाराजा कॉलेज १८४४ सालचे, म्हणजे वयाने मुंबई विद्यापीठाहूनही वडील. परंतु राजपुतान्यातील कॉलेजांना स्वतःची परीक्षा नव्हती. ती प्रथम कलकत्त्याशी जोडलेली होती, नंतर अलाहाबादशी आणि १९२७ नंतर आग्र्याशी. तीन पिढ्यांनी परक्याच्या दारी जाऊन पदव्या घेतल्या होत्या. अशा प्रदेशात, जोधपूर, बिकानेर, उदयपूर, कोटा, भरतपूर अशी मानापमानाबाबत अत्यंत हळवी असणारी संस्थाने सभोवार असता, सर्वांचे म्हणता येईल असे एक विद्यापीठ उभारावयाचे होते. ३० मार्च १९४९ रोजी बृहद् राजस्थान अस्तित्वात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी अजमेर त्यात मिळाले. त्याच वर्षी विद्यापीठाचे नाव राजस्थान विद्यापीठ झाले. म्हणजे संस्थानांचे राज्य बनण्यापूर्वीच त्या संस्थानांतील मुले एका विद्यापीठाची झाली होती. मारवाडचा मुलगा आणि मेवाडचा मुलगा आपण राजस्थानी आहोत हे बहुधा येथेच प्रथम शिकला असावा.

परंतु निरनिराळ्या मुलखांतील माणसांना विद्येसाठी एकत्र आणण्याचा परिपाठ जयपूरला नवा नव्हता. ते शहरच त्यावर वसले आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली जयपूरचा पाया घातला, तेव्हा नगररचनेत त्यांच्या हाताशी होते विद्याधर भट्टाचार्य हे बंगाली गृहस्थ. त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय होते. ब्रह्मपुरी या भागात पुंडरीकांच्या हवेलीबरोबरच तेलंगण, गुजरात, मिथिला येथून आलेल्या विद्वानांची घराणी नांदली. वेधशाळेच्या कामी जगन्नाथ सम्राट हे पंडित होते. तेही मूळचे महाराष्ट्रातले असल्याचे परंपरा सांगते. त्यांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि युक्लिडचे भूमितिशास्त्र ‘रेखागणित’ या नावाने, तर टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने संस्कृतात उतरविला. याच राजाने पाद्री फिगरेदो यांना पोर्तुगालला पाठवून तिकडील ज्योतिषकोष्टके मागविली. समरकंदच्या उलूघ बेगाची पद्धती त्याच्या पंडितांनी अभ्यासली होतीच. आपल्याजवळ सूर्यसिद्धान्त असताना अरबीचे व्याकरण घोकावयास बसणाऱ्या जगन्नाथ पंडिताला त्या काळी स्वकीयांकडून काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करावी, म्हणजे त्याच्या विद्यार्थिवृत्तीचे मोल ध्यानात येते.

ही वृत्ती पुढेही टिकून राहिली. महाराजा कॉलेजात अध्यापन करणारे कांतिचंद्र मुखर्जी पुढे जयपूरचे मुख्य प्रधान झाले. हिंदीतील ‘उसने कहा था’ या कथेमुळे अजरामर झालेले चंद्रधर शर्मा गुलेरी यांचे घराणे कांगड्याच्या पहाडातले. वडील संस्कृत विद्वान म्हणून जयपूर दरबारी आले आणि मुलगा जयपुरातच जन्मून तेथेच शिकला. जंतरमंतरची दुरुस्ती लेफ्टनंट गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने हाती घेतली, तेव्हा त्याच्याबरोबर काम करण्यास हा तरुण उभा राहिला. वेधशाळेविषयी दोघांच्या नावे इंग्रजी ग्रंथ निघाला १९०२ साली. गुलेरी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पहाडी बापाचा मुलगा, ढुंढाडातले शहर, संस्कृत ग्रंथ आणि इंग्रज सहकारी! जयपूरमध्ये शिकणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

विद्यापीठाच्या पहिल्या काळात या मिश्रणात आणखी भर पडली. फाळणीनंतर सिंध आणि पश्चिम पंजाब येथून निर्वासित आले आणि आदर्शनगर, राजापार्क या वस्त्या वसल्या. त्यांची मुले कॉलेजात येऊ लागली. राजघराण्यांत व सरदारघराण्यांत पडदा कडक होता, तरी १९४३ साली महाराणी गायत्रीदेवी यांनी मुलींची शाळा काढली आणि १९४४ मध्ये महाराणी कॉलेज सुरू झाले. गायत्रीदेवींचे माहेर कूचबिहार, परंतु त्यांच्या मातुःश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या आजोबांचे रक्त जयपूरच्या अंतःपुरात असे उपयोगी पडले. पुढे १९६० ते १९६६ या काळात डॉ. मोहनसिंह मेहता कुलगुरू असताना बाहेरच्या प्रांतांतून मोठमोठे अध्यापक तेथे आले. इतिहासाला गोविंदचंद्र पांडे आणि सतीशचंद्र, तत्त्वज्ञानाला दयाकृष्ण, रसायनाला रामचरण मेहरोत्रा अशी नावे या लहानशा विद्यापीठात एकाच वेळी वावरत होती. १९६३ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाचे केंद्रही तेथे निघाले.

अशा ठिकाणी त्या सुमारास शिकावयास गेलेला एक मराठी विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करावा. त्याला नाव देण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत किंवा रेल्वेत नोकरीस असलेल्या वडीलभावाच्या आधाराने जी मराठी मुले दूरदूरच्या शहरी जात, त्यांतलाच तो एक. तो साताऱ्याकडचा आहे. इतिहास घेऊन एम. ए. करण्याचे त्याच्या मनात आहे. भावाची जयपुराहून बदली झाली आणि हा वसतिगृहात राहू लागला, असे समजू.

मुंबईहून निघालेला हा मुलगा सवाई माधोपूरला उतरे. तेथून पुढे अरुंद रुळांची गाडी. पहाटेच्या थंडीत, ट्रंकेवर बसून गाडीची वाट पाहत असता फलाटावरचे ते नाव त्याने अनेकदा वाचले. हे माधोसिंग कोण, हा प्रश्न त्याला पहिल्या वर्षी पडला नाही.

पहिल्या महिन्यात त्याला जाणवल्या त्या लहान लहान गोष्टी. भोजनगृहात भात क्वचित आणि पोळ्या जाड. वरणाच्या ठिकाणी तिखट डाळ. उन्हाळ्यात लू वाहे आणि आंधी आली की वहीच्या पानापानांत वाळू भरे. जानेवारीत रजईतून हात बाहेर काढवत नसे. पण हिवाळ्यात खोलीतल्या सोबत्याने घरून आणलेली बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा त्याला हसू आवरेना. सोबती त्याला सोगरा म्हणे आणि हा भाकरी, पण खाणाऱ्याच्या जिभेला त्यात काही भेद कळला नाही.

भाषेचेही तसेच झाले. त्याच्या हिंदीतील ‘ळ’ ऐकून उत्तर प्रदेशातून आलेली मुले त्याची थट्टा करीत. एके दिवशी शेखावाटीतील एका शेतकऱ्याच्या मुलाचे वडील मुलाला भेटण्यास आले. त्यांच्या बोलण्यात हाच ‘ळ’ जागोजाग आला, तसा स्वच्छ, तसा ठसठशीत. तेव्हापासून थट्टा थांबली. निदान ‘ळ’च्या बाजूला मते दोन झाली. याच्या उलट प्रसंगही घडत. वसतिगृहाच्या बंद दाराशी उभे राहून याने मराठीतच ‘कोणी आहे का’ असे विचारावे आणि आतल्या मारवाडी नोकराने त्यातले ‘कोनी’ एवढेच ऐकून गोंधळात पडावे, कारण त्याच्या बोलीत ‘कोनी’ म्हणजे ‘नाही’. असलेल्याला नाही आणि नसलेल्याला कोणी म्हणणाऱ्या या दोन भाषांत राहून मुलाला शब्दांकडे सावधपणे पाहण्याची सवय लागली.

सणांमुळे शहर त्याच्या ओळखीचे झाले. तीज आली की मिठाईच्या दुकानांत घेवराच्या चळती लागत. होळीला लाखेच्या पातळ गोळ्यांत गुलाल भरलेले ‘गुलाल गोटे’ मिळत. ते तयार करणारे मनिहार मुसलमान आहेत हे त्याला मनिहारोंका रास्ता या गल्लीत गेल्यावर कळले. चौडा रास्त्यावरील पुस्तकांच्या दुकानांत जुनी पुस्तके चाळीत तो संध्याकाळ घालवी. वर्षभरात त्याला वाटू लागले की हे शहर आपल्याला समजले. हे समाधान टिकले ते संक्रांतीपर्यंत.

जयपूरची संक्रांत पतंगांची. त्या दिवशी शहर रस्त्यावर नसते, गच्चीवर असते. त्याचा सोबती जवळच्या एका ठिकाण्याचा राजपूत. तटाच्या आत, जुन्या शहरात त्याच्या आप्तांचे घर होते, तेथे तो याला घेऊन गेला. याने घरून टपालाने आलेला तिळगूळ डब्यात घालून बरोबर घेतला होता. गच्चीवर पतंग, तिळाचे लाडू, फेणी आणि आरडाओरडा. घरातील एक वृद्ध गृहस्थ उन्हाला बसले होते. याने सहज बोट दाखवून विचारले की, घरांच्या वर डोके काढून उभा असलेला तो मनोरा कसला? वृद्धाने सांगावयास सुरुवात केली.

तो मनोरा म्हणजे इसरलाट. सवाई जयसिंग १७४३ मध्ये वारले आणि त्यांच्या दोन मुलांत, ईश्वरीसिंग आणि माधोसिंग यांच्यात, गादीसाठी कलह लागला. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगांचा जय झाला. त्याची खूण म्हणून त्यांनी हा मनोरा उभारला. पण माधोसिंगांच्या बाजूने दखणी फौजा उतरल्या. बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंगांना हार खावी लागली, खंडणी कबूल करावी लागली. खजिन्यात पैसा उरला नाही. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर चालून येत आहेत असे ऐकून, तोंड देण्याचे बळ न उरलेल्या या राजाने विष घेऊन प्राण दिला. मनोरा बांधून पुरते दोन वर्षही झाले नव्हते.

वृद्ध हे सांगत होता ते रागाने नव्हे. घरातल्या जुन्या दुखण्याविषयी बोलावे तसे तो बोलत होता. ‘दखणी’ हा शब्द त्याच्या तोंडून चारपाच वेळा आला. मग आपल्यापुढे बसलेला पाहुणा कोठला, हे त्याला एकाएकी आठवले असावे. तो मध्येच थांबला. तिळगुळाचा डबा याच्या मांडीवर उघडाच होता आणि ‘गोड बोला’ हे शब्द तोंडातून निघेनात. क्षणभराने वृद्धाने स्वतःच हात पुढे केला आणि तिळगूळ मागून घेतला.

त्या रात्री दोघे सोबती फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र भांडण झाले. याने सांगितले की होळकरांना जयपूरच्या दरबारानेच पैशाची वचने देऊन बोलाविले होते, भावाविरुद्ध भाऊ उभा राहिला नसता तर दखणी फौजेला रिघाव मिळालाच नसता. सोबत्याने विचारले की, घरात भांडण असले म्हणजे पाहुण्याने तिजोरी न्यावी काय? तिसरा एक मुलगा, सिंध हैदराबादेत जन्मलेला, ऐकत बसला होता. त्याचे घर जाऊन सोळाच वर्षे झाली होती. त्या घरासाठी कोणी मनोरा बांधला नव्हता आणि बांधणारही नव्हते. त्याने वाद ऐकून घेतला आणि दिवा मालवू का, एवढेच विचारले. त्याच्या त्या प्रश्नाने दोघेही ओशाळले.

मोठ्या शहरात हा प्रसंग येथेच संपला असता. हा मुलगा आपल्या मराठी मंडळींत जाऊन बसला असता, सोबती आपल्या माणसांत गेला असता आणि दोघांनी आपापला इतिहास अधिकच घट्ट धरला असता. येथे तशी सोय नव्हती. खोली एकच होती, वर्ग एकच होता आणि ग्रंथालयातील टेबलही बहुधा एकच. निरुपायाने दोघे वाचू लागले.

वाचता वाचता मराठी मुलाला वृद्धाने न सांगितलेला भागही सापडला. माधोसिंग मराठ्यांच्या बळावर गादीवर बसले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७५१ च्या जानेवारीत, शहर पाहावयास व खरेदीस तटाच्या आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरच्या लोकांनी एकाएकी शस्त्र धरले. दरवाजे बंद झाले आणि मोठी कत्तल उडाली. ज्या गल्ल्यांतून तो पुस्तके शोधीत हिंडे, त्याच त्या गल्ल्या. तो पतंग पाहावयास गेला होता त्याच महिन्यातली ती घटना. आणि सवाई माधोपूरचे ते माधोसिंग हेच, हेही त्याला त्या दिवशी उमजले. वृद्धाने हे पाहुण्याला का सांगितले नसेल, याचा विचार तो पुष्कळ दिवस करीत राहिला. लाज वाटून की दया येऊन, याचा उलगडा त्याला झाला नाही.

त्याच पुस्तकांत त्याला आणखी मागची एक हकीकत मिळाली. १७३५ साली बाजीराव पेशव्यांच्या मातुःश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा याच जयपुरात सवाई जयसिंगांनी त्यांचा सन्मान केला होता. एका म्हाताऱ्या मराठी बाईला ज्या वेशीतून आदराने आत घेतले, त्याच वेशी सोळा वर्षांनी मराठ्यांवर बंद झाल्या. मधल्या काळात काय घडले? शाळेच्या पुस्तकात त्याने अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांची गोष्ट अभिमानाने वाचली होती. ती खोटी नव्हती. पण अटकेला जाणाऱ्या घोड्यांना वाटेत दाणावैरण कोठून मिळाली, हे त्या पुस्तकात नव्हते. ते जयपूरच्या एका गच्चीवर, इसरलाटेकडे पाहत शिकावे लागले.

आता सोबत्याच्या शिकण्याची पाळी होती. मिर्झाराजे जयसिंग हे त्याच्या घराण्याचे भूषण. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि हे शल्य महाराष्ट्राच्या मनात आजही आहे, हे त्याने प्रथमच ऐकले. पुढल्या वर्षीची आग्र्याची भेट त्याला एक दरबारी प्रकरण म्हणूनच ठाऊक होती. नेमके त्याच वेळी, १९६३ मध्ये, जदुनाथ सरकार आणि महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी संपादिलेली आग्रा-भेटीची राजस्थानी पत्रे प्रसिद्ध झाली होती. मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग यांच्याकडील कारभाऱ्यांनी आग्र्याहून आंबेरला लिहिलेली ही पत्रे. महाराज दरबारी कसे वागले, कसे संतापले, पहारे कसे बसले, हे घडत असताना लिहिले गेलेले. महाराष्ट्रातील घरोघर सांगितल्या जाणाऱ्या प्रसंगाचे साक्षीदार जयपूरच्या दप्तरात इतकी वर्षे बसून होते आणि ते बोलत होते ढुंढाडी बोली.

ती बोली मराठी मुलाला धड लागेना. सोबत्याची आजी मात्र तशीच बोलत असे. तेव्हा दोघे एकाच पुस्तकावर वाकले. याने सन, स्थळे आणि माणसे सांगावीत, त्याने शब्द सोडवावेत. परकालदास नावाचा तो कारभारी महाराजांच्या नेमक्या बोलण्याची तारीफ करतो, हे वाचताना वाचणारा राजपूत होता आणि ऐकणारा मराठा. महाराजांच्या वर्तनाबद्दल रामसिंग बादशहाजवळ जामीन राहिले होते. महाराज निसटल्यावर इतराजी झाली ती रामसिंगांवर. महाराष्ट्रात पेटाऱ्यांची गोष्ट सांगताना या जामीन राहिलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. या मुलानेही पूर्वी विचारले नव्हते.

एवढ्याने दोनशे वर्षांचे हिशेब मिटले असे मानण्याचे कारण नाही. ईश्वरीसिंगांचे विष उतरत नाही आणि तटाच्या आत मारले गेलेले परत येत नाहीत. दोघा मुलांत बदलले ते एवढेच की, आपल्या पूर्वजांविषयी बोलताना समोर ज्याचे पूर्वज आहेत तोही ऐकत आहे, याचे भान त्यांना आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी पदवी कोणते विद्यापीठ देऊ शकेल? महाजनींनी किंवा मेहतांनी हा धडा अभ्यासक्रमात घातलेला नव्हता. विद्यापीठ लहान होते, शहर बहुरंगी होते आणि वसतिगृहात खोल्या मोजक्या होत्या, यांतून तो आपोआप घडून आला.

आज चित्र पालटले आहे. १९६२ मध्ये जोधपूर व उदयपूर येथे स्वतंत्र विद्यापीठे निघाली आणि पुढे अजमेर वगैरे ठिकाणीही निघाली. तरी राजस्थान विद्यापीठ लहान राहिलेले नाही. जयपुरात आता आणखी कितीतरी विद्यापीठे आहेत. २०१९ साली तटाआतील नगरी जागतिक वारसा म्हणून घोषित झाली आणि इसरलाट पाहावयास परदेशांतून माणसे येतात. अरुंद रुळांची ती गाडीही राहिली नाही. विद्यार्थी पूर्वीपेक्षा अधिक दूरदूरच्या मुलखांतून येतात, पण येताना आपले घर खिशात घेऊन येतात. दूरध्वनीवर आईचा आवाज रोज ऐकू येतो, आपल्या भाषेतील गाणी हवी तेव्हा मिळतात आणि खोलीतल्या सोबत्याशी न बोलताही वर्ष काढता येते. ही सुखे कोणी हिरावून घ्यावीत असे नाही. परंतु एका छपराखाली वीस प्रांत राहतात म्हणून ते एकमेकांना ओळखतात असे धरून चालणे ही चूक होय.

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. वसतिगृहाच्या खोल्या वाटून देणारा कारकून यादी करतो तेव्हा, सोयीसाठी, एका गावची मुले एका खोलीत घालतो. त्याने ती यादी जरा विस्कटावी. साताऱ्याच्या मुलाबरोबर शेखावाटीचा घालावा, सिंध्याबरोबर मैथिल घालावा. पहिल्या महिन्यात तक्रारीचे अर्ज येतील, दोन खोल्या बदलूनही द्याव्या लागतील. ज्या खोल्या टिकतील, त्यांतून जगन्नाथ पंडिताच्या जातीचे विद्यार्थी निपजण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांतही आज आसाम, मणिपूर, बिहार, काश्मीर येथून मुले येतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी मराठ्यांची आठवण निराळ्या रीतीने सांगितली जात असेल. बंगालमध्ये तर बाळाला झोपविताना बर्गींच्या स्वाऱ्यांचा धाक घालीत. ती आठवण त्याला सांगता यावी आणि आपल्याला ऐकता यावी, इतकी जागा आपल्या वसतिगृहांत असली पाहिजे.

संक्रांतीच्या दिवशी आपण तिळगूळ देतो आणि गोड बोलण्याची विनंती करतो. जयपूरच्या त्या गच्चीवर बोलणे कडू झाले होते, तरी तिळगूळ घेतला गेला. पुढे दोघा मुलांच्या वाचनाला सुरुवात झाली ती तेथूनच.